भुयारातलं वजन

१

सूर्यभानची नोकरी नेमकी कसली, असं माहेरी बेलापूरला कुणी विचारलं की बनूची पंचाईत व्हायची. तलाठी म्हणावं तर तलाठी नाही, मास्तर म्हणावं तर मास्तर नाही. शेवटी ती सांगून टाकायची, "डोंगरात एक भुयार हाय. त्यातला कागद बदलत्यात." विचारणारी बाई पदर तोंडाला लावून हसायची.

पण नोकरी खरंच तेवढीच होती. नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या पुढे, भंडारदऱ्याच्या रस्त्याला, एका डोंगराच्या पोटात सरकारी खात्याने भुयार खोदलं होतं. बाहेर लोखंडी दार, आत लाकडी दार, आणि दोन्हींच्या मध्ये एका माणसाने उभं राहावं इतकी जागा. बाहेरचं दार ओढून घेतल्याशिवाय आतलं उघडायचं नाही, हा पहिला नियम. कारण आत फोटोचा कागद होता आणि त्याला उजेड लागला की दिवसाचं काम काळं व्हायचं. भुयाराची मागची भिंत म्हणजे नुसता काळा फत्तर. मधोमध सिमेंटचा ओटा, त्यावर भूकंपाची यंत्रं, आणि बाजूला मुंगीच्या गतीने फिरणारा ड्रम. ड्रमवरच्या कागदावर उजेडाचा टाचणीएवढा ठिपका रात्रंदिवस रेघ ओढत असे.

रोज सकाळी न्याहारी झाली की सूर्यभान आत जायचा. भिंतीला टांगलेल्या बॅटरीच्या तांबड्या दिव्याच्या उजेडात कालचा कागद काढायचा, नवा चढवायचा आणि घरामागच्या अंधाऱ्या खोलीत कालचा कागद औषधात धुवायचा. तेव्हा कुठे रेघ दिसायची.

यंत्रं भलतीच नाजूक. माणूस आत शिरला तर त्याच्या वजनाने भुयाराची जमीन केसभर झुकायची आणि तेवढंही रेघेला कळायचं. माणूस आला की रेघेत उंचवटा, गेला की खळगा. जाड माणसाचा उंचवटा मोठा, बारक्याचा लहान. सूर्यभानचा स्वतःचा उंचवटा रोज जुन्या कागदाच्या शेवटी असायचा आणि खळगा नव्या कागदाच्या सुरुवातीला. एकदा त्याने बनूला हे दाखवलं, तर ती म्हणाली, "म्हंजे तुमी किती जेवता त्ये बी सरकारला कळतंय!"

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बनू कामाला वाघीण, पण अंधाराला भलती भिणारी. निजतानासुद्धा तिला चिमणी जळत ठेवलेली लागायची. रॉकेल जळतं म्हणून सूर्यभान कुरकुरायचा आणि तीच चिमणी स्वतः भरून ठेवायचा. तिला या आडरानात आपण आणलंय, तेव्हा तिला जपायचं आपणच, एवढं त्याला पक्कं कळत होतं.

२

महिन्यातून एकदा पुण्याहून फक्रुद्दीन साहेब जीपने यायचे. मूळचे नगरचेच, झेंडीगेटचे. माणूस मोकळा, पण कामात काट्यासारखा. हे सगळं भुयाराचं खटलं त्यांच्याच डोक्यातून निघालेलं.

त्यांचा हिशेब असा होता. जगात दूर कुठे मोठा भूकंप झाला की जमिनीच्या अंगावरून लांबच लांब लाटा निघतात. त्या आपल्या पायाखालून जातात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. लाट जितकी लांब, तितकी तिची पोच खोल. शेदोनशे किलोमीटर खालचा दगड कडक असला तर लांब लाट पळते, मऊ असला तर रेंगाळते. साहेबांचं एक ठाणं तिकडे नागपूरकडे होतं, दुसरं इथे. पूर्वेकडच्या समुद्रातल्या भूकंपाची लाट आधी तिथे पोचायची, मग इथे. मधे किती वेळ लागला ते पाहायचं, की आपल्या काळ्या फत्तराच्या खाली काय दडलंय ते कळतं. वैद्य नाडी बघून पोटातलं सांगतो, त्यातलाच प्रकार.

भादव्यात साहेब आले ते कपाळाला आठी घालूनच. "सूर्यभान, तुमचं घड्याळ चुकतंय."

"नाही साहेब. रोज रेडिओच्या ठोक्यावर लावतो."

"मग लाट इथे यायला जवळजवळ दुप्पट वेळ का घेते? इतका मऊ दगड जगात कुठे नाही. तुमच्या खाली भाकरीचं पीठ मळून ठेवलंय का कुणी?" साहेब स्वतःच हसले. "हात दाखवला की एस.टी. थांबते ना, तशी लाट तुमच्या दारात थांबते असं दिसतंय. उतारू उतरवते आणि मग पुढे निघते."

बनू चहा घेऊन आली होती. तीही हसली.

जीपमध्ये बसताना साहेबांचा सूर बदलला. "थट्टा सोडा. पुढच्या मोठ्या भूकंपाची रेघ मला दोन्ही ठाण्यांवर धडधाकट हवी. एक दिवसाचाही खंड पडला तर वरचे लोक म्हणतील, बंद करा हे ठाणं. मग तुमच्या नोकरीचं मी काही करू शकणार नाही."

३

दसऱ्याच्या सुमाराला समुद्रातल्या कुठल्या तरी बेटावर भूकंप झाला. दुसऱ्या दिवशी कागद धुताना सूर्यभानचा ऊर भरून आला. काय ती रेघ! लांब, संथ, एकामागून एक लाटा, जणू कुणी शांत झोपेत श्वास घेतंय.

लाटा ओसरल्या होत्या, रेघ पुन्हा सरळ झाली होती आणि तिथेच एक उंचवटा होता. चांगला मोठा. भर दुपारचा.

सूर्यभानने कागद उजेडाला धरला. खळगा शोधला. खळगा कुठेच नव्हता.

त्याचं डोकं तडकलं ते पहारेकरी छगनवर. छगन खालच्या वाडीतला. दुपारी त्याला कुठेही झोप लागायची आणि भुयार तर माठासारखं गार. किल्ली घरात खिळ्याला असायची. सरळ हिशेब होता. छगन अंगाने काडी आणि उंचवटा एखाद्या पैलवानाचा, हे सूर्यभानला दिसत होतं. खळगा नाही हेही दिसत होतं. पण माणूस चिडला की त्याला हवं तेवढंच दिसतं.

"साहेब, म्या आत गेलो न्हाई," छगन म्हणाला. "लेकराची आन घेतो."

"मग आत कोण गेलं? मी? का बनू?"

"मला ठावं न्हाई. पर मी त्या भुयारात पाय ठिवीत न्हाई. तुमी आत कामाला लावलंत तवा बी मी दारातूनच माघारी येतो."

"का?"

छगन पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. "आत दाटी व्हती साहेब. कुणी नसतं, तरी बी दाटी व्हती."

हे ऐकून तर सूर्यभान आणखी पेटला. वर ही बहाणेबाजी! त्याने छगनला तिथल्या तिथे कामावरून काढलं. छगनने घोंगडी खांद्यावर टाकली. बनू भाकर बांधून द्यायला धावली, पण तो थांबला नाही. वाडीत भाताची कापणी सुरू होती, त्याला काम मिळालं असतं. मिळालंही. पण तोंडातून काढलेला शब्द परत घ्यायची लाज सूर्यभानला पुढे फार महाग पडली.

४

छगन गेल्यावर बनू हाताखाली आली. दिवा धर, डबा दे, कागद गुंडाळ. सूर्यभान जवळ असला की तिला अंधार चालायचा. हातातल्या हिरव्या बांगड्या ती कोपरापर्यंत सरकवून घ्यायची, तरी त्या किणकिणायच्या. तिचा उंचवटा इवलासा, त्याच्या शेजारी टेकलेला. कागदावर ती जोडी दिसली की सूर्यभान गालातल्या गालात हसायचा.

दिवाळी झाली आणि पुन्हा दूर कुठे धरणी हलली. किल्ली आता सूर्यभानच्या करदोट्याला बांधलेली असायची, आंघोळीतसुद्धा. कागद धुतला. लाटा आल्या होत्या, गेल्या होत्या, आणि त्यांच्या शेपटाला उंचवटा. पहिल्याइतकाच मोठा. खळगा नाही.

सूर्यभान बराच वेळ ओल्या कागदापुढे उभा राहिला. औषधाचं पाणी कोपरावरून ठिबकत होतं.

मग तो शहाण्या माणसासारखा कामाला लागला. यंत्र बिघडलं असेल. यंत्र तपासायला खात्याने लोखंडी वजन दिलेलं होतं. ते त्याने दाराशी ठेवून पाहिलं, ओट्याजवळ ठेवून पाहिलं, मागच्या भिंतीशी ठेवून पाहिलं. यंत्र चोख होतं. वजन किती आणि कुठल्या बाजूला, दोन्ही बरोबर सांगत होतं. आणि ते दोन उंचवटे दाराकडून आलेलेच नव्हते. दोन्ही मागच्या भिंतीकडचे होते, जिथे डोंगराशिवाय काही नव्हतं.

फत्तर तडकत असेल, त्याने स्वतःला सांगितलं. पावसाचं पाणी मुरलं असेल, त्याने जमीन झुकली असेल. दोन्ही गोष्टी पटण्यासारख्या होत्या. फक्त तडकलेला फत्तर नेमका एका धिप्पाड माणसाच्या वजनाइतका दोन्ही वेळा कसा तडकतो, एवढंच काही केल्या पटेना.

दुसऱ्या दिवशी कागद बदलून झाल्यावर तो मुद्दाम मागच्या भिंतीशी गेला. बनू ओट्यापाशी दिवा धरून होती. त्याने भिंत चाचपली. गार, ओलसर, नेहमीची. मग वाकून त्याने जमिनीवर तळवा टेकला, आणि झटकन उचलला. जमीन कोमट होती. अंथरुणातून कुणी नुकतंच उठून गेलं की जशी लागते, तशी.

"काय वं?" बनूने विचारलं.

"काही नाही. चल."

तो तिला पुढे घालून बाहेर आला. उन्हात आल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण तिचं मनगट घट्ट धरून ठेवलंय. तिच्या मनगटावर बोटांचे वळ उमटले होते.

५

थंडी पडायला लागली आणि सूर्यभानला हिवतापाने गाठलं. दोन गोधड्या, वर घोंगडी, तरी दातावर दात. बनू उशाशी बसून कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवायची. अशातच संध्याकाळच्या बातम्यांत रेडिओने सांगितलं, की पूर्वेच्या समुद्रात मोठा भूकंप झालाय. गेल्या कित्येक वर्षांतला सगळ्यांत मोठा.

म्हणजे साहेब ज्याची वाट पाहत होते तोच. लाटा येऊन गेल्यासुद्धा असतील. सकाळी कागद बदलला नाही तर ठिपका त्याच कागदावर रेघेवर रेघ ओढत बसणार आणि सगळं मुसळ केरात. सोमवारी साहेबही यायचे होते.

सकाळी तो उठून बसला तर डोळ्यांपुढे अंधारी आली. भिंत धरून उंबऱ्यापर्यंत गेला आणि तिथेच खाली बसला.

"मी बदलून येऊ का?" बनू म्हणाली.

सूर्यभानने लगेच नको म्हणायला हवं होतं. लाट आली की मागून काय येतं ते त्याला ठाऊक होतं. काल लाट आली, म्हणजे आत आता काय असणार तेही ठाऊक होतं. पण ठाणं बंद होईल, नोकरी जाईल, केडगावला भावाच्या दारात हात पसरायला लागेल, हेच त्याच्या डोक्यात गरगरत होतं. आणि शेवटी एखादा फत्तर तडकतो म्हणून कुणी सरकारी काम सोडतं का?

"जमेल तुला?"

"रोज तर बघतीया. पर..." ती घुटमळली. "आत कुणी हाय का वं? त्या दिशी तुमी माझा हात येवढा का धरला?"

"आत कोण असणार? वेडी आहेस का?" त्याने करदोट्याची किल्ली सोडून तिच्या हातात दिली.

बनूने बांगड्या वर सरकवल्या. नव्या कागदाचा डबा काखेत घेतला. पायवाटेने ती चढत गेली, तशी किणकिण बारीक बारीक होत गेली. लोखंडी दार कुरकुरलं. मग नियमाप्रमाणे आतून ओढून घेतल्याचा आवाज आला.

सूर्यभान उंबऱ्यात कुडकुडत बसून राहिला. कागद बदलायला वेळ लागतो. नवख्या हाताला जास्तच लागतो. चुलीतला विस्तव राख झाला. समोरच्या कुडावर ऊन चढत चढत वर गेलं. त्याने एकदा हाक मारली, पण तापाने आवाजच फुटेना. आत्ता उठतो, आत्ता जातो, असं तो मनात म्हणत होता आणि पाय हलत नव्हते. तापामुळे हलत नव्हते, असं त्याने नंतर स्वतःला सांगून पाहिलं.

अखेरीस दार कुरकुरलं. बनू खाली आली. काखेत डबा, हातात किल्ली. सूर्यभानच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"झालं?"

"झालं," ती म्हणाली आणि त्याच्या बाजूने घरात गेली. हातात बांगड्या होत्या. वाजत नव्हत्या.

६

त्या दिवशी बनूने सगळं केलं. भाकरी थापल्या, पाणी भरलं, त्याचं अंग पुसलं. बोलली मात्र कमी. थकली असेल.

दिवेलागण झाली तशी तिने चिमणी लावली, त्याला पेज पाजली, आणि झोपायच्या आधी फुंकर मारून चिमणी विझवली.

सूर्यभान तापातही चमकला. "अगं, दिवा?"

"कशाला?" ती अंधारातून म्हणाली.

मग ती त्याच्या बाजेवर पायथ्याशी टेकली. बाजेची सुंभं करकरली. सूर्यभानच्या पायाखालची बाज खाली गेली, आणखी खाली गेली, आणि तो निजल्या जागेवरून तिच्याकडे घसरायला लागला. बनू म्हणजे मूठभर बाई. ती बसली तर बाजेला कळायचंही नाही. ताप आहे, त्याने स्वतःला बजावलं. तापात असं होतं, भिंतीसुद्धा अंगावर येतात. त्याने काठ घट्ट धरून ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

७

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. सकाळीच त्याने बनूने आणलेला कागद धुतला. लाटा अशा होत्या की साहेबांनी त्याला मिठीच मारली असती. लाटांच्या शेपटाला उंचवटा होताच, मागच्या भिंतीकडचा. तिसरा. आणि कागदाच्या अगदी शेवटी दाराकडून आलेला बनूचा इवलासा उंचवटा. तो पाहून सूर्यभानला इतकं बरं वाटलं की त्याने त्यावरून बोट फिरवलं. गेली तेव्हा बनूच होती ती. परत आली तेव्हाचा खळगा नव्या कागदाच्या सुरुवातीला असणार आणि नवा कागद अजून ड्रमवर होता.

"आज मीच जातो," तो सदरा चढवत म्हणाला. सदऱ्याची खांद्यावरची शिवण उसवली होती, ती बनूने मागच्याच आठवड्यात हिरव्या दोऱ्याने घातली होती. घरात पांढरा दोरा नव्हता.

बनू दारात उभी होती. अख्खं दार भरून गेल्यासारखी. "मी जाते."

"मला बरं आहे आता."

"आत कुणी न्हाई," ती म्हणाली.

हे त्याने विचारलंच नव्हतं. तो अंग चोरून तिच्या बाजूने बाहेर पडला.

भुयारात त्याने तांबडा दिवा लावला, ड्रम थांबवला, कागद सोडवला. नवा कागद चढवताना त्याला अगदी कानाशी किणकिण ऐकू आली.

"बनू? आलीस का मागोमाग?"

खोबरेल तेलाचा वास आला. त्याने दिवा फिरवला. ओटा, यंत्रं, भिंत. तो झपाझप दोन्ही दारं ओलांडून बाहेर आला, कुलूप लावलं आणि खाली पाहिलं. खाली अंगणात चुलीपुढे बनू बसली होती. त्याच्याकडेच बघत होती.

८

अंधाऱ्या खोलीला त्याने आतून कडी घातली. कागद औषधात सोडला. रेघ हळूहळू वर यायला लागली.

सुरुवातीलाच खळगा होता. त्यात बनूसारख्या दोन-तीन बाया मावल्या असत्या. हा खळगा सूर्यभानला पाठ होता. मागच्या भिंतीकडून तीनदा जे वजन आत आलं होतं, त्यातलं एक बाहेर गेलं होतं. बनूचा इवलासा खळगा कागदावर कुठेच नव्हता.

पण खरी धडकी पुढेच होती. त्या खळग्यानंतर रेघ सरळ राहिली नव्हती. तिच्यात एक इवलासा उंचवटा फिरत होता. दाराशी यायचा. दाराशी बराच वेळ थांबायचा. मग ओट्याकडे जायचा, पुन्हा दाराशी यायचा. दिवसभर. आणि रात्रभर. दिव्याशिवाय.

कागदाच्या शेवटी सूर्यभानचा आजचा उंचवटा होता. आणि तो इवला उंचवटा त्याला येऊन चिकटला होता, रोज टेकायचा तसाच. तो कागद बदलत होता तेव्हा ती शेजारी उभी होती.

सूर्यभान मोठ्याने रडला. आत कोण असणार, वेडी आहेस का, असं म्हणून त्यानेच तिला पाठवलं होतं. कागदासाठी.

दाराबाहेर फरशी करकरली. "भाकरी निवतीया," बनूच्या आवाजात कुणीतरी म्हणालं.

९

मागच्या खिडकीला ठोकलेली काळी फळी उपटून तो बाहेर पडला आणि पायवाटेने धावत सुटला. अंगात त्राण नव्हतं, तरी धावला. वळून पाहिलं तेव्हा ती अंगणात आली होती. तिने त्याला अडवलं नाही. हाकही मारली नाही. सावकाश चढण चढायला लागली, एवढंच.

लोखंडी दाराचं कुलूप त्याने काढलं, ते कोयंड्याला तसंच लटकलं, किल्ली कुलपातच राहिली. आत शिरला, आणि इतक्या वर्षांची हाताची सवय, बाहेरचं दार ओढून घेतलं. मग आतलं उघडलं.

"बनू!"

तांबड्या दिव्याला हात जाईना. अंधारातच तो दोन्ही हात पसरून पुढे गेला. किणकिण झाली. थंडगार पडलेला बारीक हात त्याच्या हातात आला. बांगड्या, त्यांच्यावरचा टवका, सगळं ओळखीचं.

"किती येळ लावलात," बनू म्हणाली. आवाज बसला होता. "मी किती हाका मारल्या. तुमी हितं येऊन कागुद काढलात, तरी माझ्याकडं बघितलं न्हाई."

"चल," तो म्हणाला. "चल, चल आधी." रडू त्याला आवरत नव्हतं. तिला कवेत घेऊन तो दाराकडे वळला.

"अवो, थांबा," बनू कुजबुजली. "त्यो उठला."

पायाखालची जमीन मागच्या बाजूला झुकली. अगदी हळू. मग ते झुकणं सरकत सरकत पुढे आलं, ओट्याला वळसा घालून, त्यांच्याकडे. सूर्यभान बनूला घेऊन भिंतीला चिकटला आणि चाचपडत त्याने दिव्याची कळ दाबली. तांबड्या उजेडात कुणीतरी त्याच्या अगदी जवळून दाराकडे गेलं. चेहरा त्याने पाहिला नाही. दिसला तो फक्त एक खांदा. सदऱ्याची उसवलेली शिवण आणि तिच्यावर घातलेला दोरा. तांबड्या दिव्यात हिरवा दोरा काळा दिसतो. सूर्यभानचा हात आपोआप स्वतःच्या खांद्यावर गेला. शिवण तिथेही होती.

आतलं दार उघडून मिटलं. बाहेरचं दार कुरकुरलं.

तो धावला. आतलं दार ढकलून त्याने मधल्या जागेतल्या लोखंडी पत्र्यावर अंग टाकलं. पत्रा हलला नाही. पलीकडून कुणीतरी नुसता तळवा टेकवला असावा, तेवढाच दार रोखायला पुरत होता. पत्र्यापलीकडून आवाज आला. बारीक खोकून घसा साफ केल्याचा. सूर्यभान बोलायच्या आधी नेहमी खोकायचा तसा.

"बनू," सूर्यभानचा आवाज बाहेर म्हणाला, "कुलूप लाव."

"लावते," बनूचा आवाज म्हणाला. कुलूप लागलं.

दोघांची जड पावलं पायवाटेने खाली घराकडे गेली. सूर्यभानने ओरडून घसा फोडला. बनूने मागून त्याचा सदरा घट्ट धरला होता. तिची नजर मागच्या भिंतीकडे होती, कारण तिथे अजून एक बाकी होता.

ड्रम फिरत होता. उजेडाचा ठिपका रेघ ओढत होता. एक मोठा खळगा, आणि मग दाराशी एकमेकांना टेकलेले दोन लहान उंचवटे. उद्या सकाळी न्याहारी झाली की तो कागद बदलायला सूर्यभान येणार होता. एक दिवसाचाही खंड पडणार नव्हता.